सही कुमुदचीच

वनिता लॅबमधून घरी आली तेव्हा कुमुद स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. पाठ कपाटाला टेकलेली, पांढरे केस घामानं कपाळाला चिकटलेले. हातातली वाटी कलंडून आमटी साडीवर सांडत होती आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"ताई! अगं, काय होतंय?"

कुमुदनं तिच्याकडं पाहिलं, पण नजर ठरेना. "मागं कोण राहिलंय? तिकीट घ्या," ती पुटपुटली.

वनिताच्या लगेच ध्यानात आलं. साताऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तिनं ताईच्या बोटाला सुई टोचली. साखर इतकी खाली गेली होती की यंत्र पिपाणीसारखं वाजायला लागलं. एका हातानं ताईच्या गालाच्या आतून मध चोळत, दुसऱ्या हातानं रुग्णवाहिका बोलवत असताना तिच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. हिला इन्सुलिन मिळालं कुठून?

कारण घरात इन्सुलिन नव्हतंच. कुमुदला विसरण्याचा आजार जडल्याचं निदान झाल्यापासून वनितानं सगळी औषधं लॅबच्या फ्रीजमध्ये हलवली होती. रोज लागेल तेवढंच बरोबर आणून सकाळ-संध्याकाळचं इंजेक्शन ती स्वतः द्यायची.

कुमुद वाचली. डॉक्टर इनामदारांनी वनिताला बाजूला घेतलं.

"सकाळचं तुम्ही दिलंत. त्यानंतर त्यांनी आणखी टोचून घेतलंय. बहुतेक दोनदा. घेतलेलं आठवत नाही, म्हणून परत घेतात. पुढच्या वेळी तुम्हाला यायला उशीर झाला तर..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

घरी परतल्यावर वनितानं सगळी कपाटं धुंडाळली. तांदळाच्या डब्यामागं इन्सुलिन टोचायचं नवं पेन सापडलं. वेष्टनावर छापलं होतं: खरेदीदार कुमुद साबळे. प्रतिनिधी अधिकृत. सही ग्राह्य.

घरोघरी गुमास्ते येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. माणसानं नुसतं म्हणायचं, "तेल संपलंय", आणि त्याच्या वतीनं एका बुद्धिमान प्रणालीनं दहा दुकानांत भाव करून, पैसे चुकते करून माल दारात आणून द्यायचा. सरकारी कागदात तिचं नाव 'खरेदी-प्रतिनिधी' होतं. लोकांनी जुना शब्द उकरून काढला, गुमास्ता. सुरुवातीला फार गोंधळ माजला. खोटे गुमास्ते निघाले, भलत्याच्या नावावर भलत्यानंच माल उचलला. समोर बोलणारा गुमास्ता खरोखर कुणाचा आहे हे दुकानदाराला कळायला मार्ग नव्हता.

त्यावर तीन कड्यांची साखळी आली. पहिलं कडं ओळखीचं. हा माणूस तोच आहे, असं सांगणारा, नक्कल न करता येणारा डिजिटल दाखला. दुसरं कडं अधिकाराचं. या माणसानं या गुमास्त्याला काय आणि कुठवर घ्यायची मुभा दिली, ते त्याच्या स्वतःच्या गुप्त किल्लीनं सही केलेलं. तिसरं कडं त्या त्या खरेदीचं. प्रत्येक कडं आधीच्या कड्यात गणितानं असं अडकवलेलं, की मधलं एक अक्षर बदललं तरी साखळी तुटायची आणि दुकानाला ते तत्क्षणी कळायचं. औषधासारखा जोखमीचा माल असेल तर आणखी एक चाचणी. मनगटावरची पट्टी नाडी, आवाज आणि चेहरा पाहून ठरवायची की माणूस जागा आहे, शुद्धीवर आहे, त्याला कुणाचा धाक नाही आणि ही वस्तू त्याला मनापासून हवी आहे.

चाचणी अचूक होती. कुमुदला इन्सुलिन मनापासूनच हवं होतं. सकाळी आपण ते घेतलंय, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. यंत्राला इच्छा तपासता येत होती. आठवण तपासायची सोय त्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी वनिता ते पेन घेऊन औषधांच्या डेपोत गेली. डेपोचे व्यवस्थापक मुल्ला पन्नाशीचे, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिला पाणी दिलं आणि पडदा तिच्याकडं वळवला. तीन हिरव्या खुणा. खाली कुमुदचा आवाजही साठवलेला होता, खणखणीत, अगदी तिचाच: "पेन फुटलंय. दुसरं पाठव. उगाच उशीर नको."

"मॅडम, सही त्यांचीच आहे," मुल्ला म्हणाले.

"मी कुठं नाही म्हणतेय? सही तिचीच आहे. पण तिला आठवत नाही हो. तुम्ही देऊ नका एवढंच मागतेय मी."

"मी नाही म्हटलं तर उद्या डेपोला कुलूप लागेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला आठवत असेल, मधे दुकानं म्हाताऱ्यांच्या ऑर्डरी घ्यायची नाहीत. कुणाचं आडनाव बघून घ्यायची नाहीत. म्हणून कायदा झाला. साखळी पुरी असेल तर कुणालाही नाकारायचं नाही. चांगला कायदा आहे, मॅडम. माझ्या अम्मीला त्यामुळंच घरबसल्या औषध मिळालं."

"मग मी काय करू?"

"तुमच्या बहिणीनं स्वतः अधिकार बदलायला हवा. दुसरं कुणी बदलू शकत नाही. त्यांनी तशी अटच घातलीय."

ती अट वनिताच्या समोरच घातली गेली होती. आईवडील गेले तेव्हा वनिता शाळेत होती. काका "पोरींना सांभाळायला" म्हणून घरात आले आणि कुमुदच्या पहिल्या नोकरीच्या पगारापासून आईच्या पाटल्यांपर्यंत सगळं सांभाळू लागले. कुमुदनं एके दिवशी त्यांची वळकटी रस्त्यावर ठेवली. नंतर ती एसटीत कंडक्टर झाली, वनिताला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं, आणि ते लग्न मोडलं तेव्हा एका शब्दानंही न विचारता तिची ट्रंक परत घरात घेतली. गुमास्ता आला तेव्हा तिनं त्याचं नाव 'ड्रायव्हर' ठेवलं. "मी घंटी दिली की यानं निघायचं. मधे तोंड घालायचं नाही," असं म्हणून ती हसली होती. आणि अधिकारपत्रावर सही करताना तिनं मुद्दाम घालून घेतलं होतं, माझ्याखेरीज यात कुणीही फेरफार करायचा नाही.

रविवारी सकाळी कुमुदचं डोकं स्वच्छ होतं. असे दिवस अजून मधूनमधून यायचे. वनितानं चहाचा कप तिच्या हातात दिला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

कुमुदनं कप खाली ठेवला. "मी? मी परत टोचून घेतलं?"

"हो ताई."

"आणि तू आली नसतीस तर?"

वनितानं तिचा हात हातात घेतला.

"मग घे की काढून माझ्याकडनं," कुमुद म्हणाली. "औषधाचं सगळं तुझ्या हातात ठेव. तुझ्यावर नाही तर कुणावर विश्वास टाकू? सांग, कुठं सही करू?"

तिनं पट्टीवर बोट टेकवलं. वनिताचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी दोघींनी मिळून कितीतरी दिवसांनी थालीपीठं लावली.

पण म्हाताऱ्या माणसांकडून घरचेच लोक धाकानं सह्या घेतात, हेही कायदा करणाऱ्यांनी पाहिलेलं होतं. त्यामुळं अधिकार दुसऱ्याला देताना मधे एक रात्र जाऊ द्यायची आणि मग नातेवाईक जवळ नसताना त्या माणसाला पुन्हा विचारायचं, असा नियम होता. सोमवारी वनिता लॅबमध्ये असताना घरी पट्टी बोलली. कुमुदताई, आपण आपले अधिकार बहिणीला देत आहात, हे आपल्या मर्जीनं का?

संध्याकाळी वनिता घरी आली तेव्हा कुमुद खुशीत होती.

"आज कुणीतरी विचारत होतं गं, अधिकार दिले का म्हणून. म्हटलं, मी कुणाला काही दिलेलं नाही. कुणी दिलं म्हणत असेल तर लिहून घ्या, जबरदस्ती आहे. असं पळवून लावलं बघ!"

वनिताचा फोन तेवढ्यात वाजला. संमती नाकारण्यात आली आहे. आपल्या नावे दबावाची नोंद झाली आहे. यापुढं संबंधित व्यक्तीच्या अधिकारपत्राबाबत आपला कोणताही अर्ज स्वीकारला जाणार नाही.

"बरं केलं ना?" कुमुदनं विचारलं.

"बरं केलंस, ताई," वनिता म्हणाली आणि हातपाय धुवायला मोरीत गेली.

त्यानंतर तिनं जमेल ते केलं. दिवसभर घरी राहायला एक बाई ठेवली. कुमुदनं "माझ्या घरात मला राखण?" म्हणत तिला दुपारीच वाटेला लावलं. एकदा ताई झोपलेली असताना वनितानं तिच्या मनगटावरची पट्टी सोडवली, तर सकाळी ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी नेमलेली एक तरुणी चौकशीला दारात हजर. वनितानं बिनपगारी रजा घेतली. रजा संपली त्याच आठवड्यात कुमुद पुन्हा साखर उतरून पडली. या वेळी बाथरूममध्ये, आणि डोक्याला खोक पडली.

"आता एकच मार्ग आहे," डॉक्टर इनामदार म्हणाले. "त्यांचं कर्तेपण, म्हणजे स्वतः व्यवहार करायचा हक्क, काढून घ्यायचा. तुमचा अर्ज चालणार नाही, मी करतो. पण साक्ष तुम्हालाच द्यावी लागेल, घरात दुसरं कुणी नाही."

"फक्त औषधापुरतं काढता येईल ना?"

"नाही. साखळीचं पहिलं कडंच निलंबित होतं. मग त्यांच्या सहीला कुठंच अर्थ राहत नाही. औषधाला नाही, अन् भाजीच्या जुडीलाही नाही."

"आणि नाही केलं तर?"

"त्याचं उत्तर माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे."

कर्तेपणाचा निकाल देणाऱ्या समितीच्या खोलीत तीन खुर्च्या आणि एक लांब टेबल होतं. कुमुद इस्त्रीची निळी साडी नेसून आली होती. आपण कशासाठी आलोय हे तिला वाटेत दोनदा सांगून झालं होतं आणि ती दोन्ही वेळा ते विसरली होती. अध्यक्ष कर्णिकबाई सौम्यपणे बोलत होत्या.

"कुमुदताई, नोकरी कुठं केलीत?"

"एसटीत. सातारा-महाबळेश्वर. मेढा, केळघर, घाट चढला की थंडी सुरू." कुमुद हसली. "घाटात पोरं ओकायची. मी लिंबू ठेवायची पिशवीत."

कर्णिकबाईही हसल्या. वनिताला वाटलं, ही सुटणार. आणि ती सुटावी असं आपल्याला वाटतंय, हे तिच्या लक्षात आलं.

"छान. आज सकाळी काय खाल्लंत?"

कुमुदनं तोंड उघडलं आणि मिटलं. साडीचा काठ बोटांत धरून ती विचार करू लागली. मग तिनं वनिताकडं पाहिलं. परीक्षेत अडलेल्या मुलानं शेजारच्याकडं बघावं तसं, हळूच, मदतीसाठी. उपमा. तीनच अक्षरं. वनिताच्या ओठांपर्यंत आली. साक्षीदारानं बोलायचं नाही, असं तिला आधीच बजावलं होतं. ती भिंतीकडं बघत राहिली.

"वनिता साबळे," कर्णिकबाई म्हणाल्या, "स्वतःच्या खरेदीचे निर्णय घ्यायला तुमची बहीण असमर्थ आहे, असं तुमचं म्हणणं आहे का? नोंदीसाठी मोठ्यानं सांगा."

"वने," कुमुद म्हणाली. तिला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं होतं. "तू असं म्हणालीस?"

"हो," वनिता म्हणाली.

भिंतीवरच्या पडद्यावरची कुमुदच्या नावापुढची हिरवी खूण करडी झाली, एवढंच.

समितीनं वनिताला पालक नेमलं आणि दुसऱ्या दिवसापासून औषध फक्त तिच्या हाती येऊ लागलं. त्या बाबतीत सगळं ठरल्याप्रमाणं झालं. पण कुमुदला रोज सकाळी शाहूपुरीच्या कोपऱ्यावर भाजीला जायची जन्माची सवय. नोटा तोवर लोकांच्या हातातून गेल्यातच जमा होत्या. गाड्यावरसुद्धा मनगट टेकवूनच भाजी मिळायची. भाजीवाली संगीता तिची जुनी ओळखीची. कुमुदनं मेथी निवडली, घासाघीस केली, मनगट टेकवलं. यंत्र म्हणालं, "खरेदीदार कर्ता नाही. पालकास बोलवा."

मागं उभी असलेली माणसं बघायला लागली. संगीतानं घाईनं जुडी पिशवीत कोंबली. "असू दे ओ मावशी, तशीच न्या. यंत्राला काय झालंय कुणास ठाऊक."

"तशीच?" कुमुदचा आवाज चढला. "फुकट? मी कधी कुणाला फुकट बसवलं नाही, अन् स्वतः कधी बसले नाही." तिनं जुडी परत ठेवली. रिकामी पिशवी छातीशी धरून ती घरी आली आणि दार लावून रडली.

दुसऱ्या सकाळी ती हे सगळं विसरली होती. पिशवी घेऊन पुन्हा गेली. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा वळलेल्या माना. तिसऱ्या सकाळीही. माणसाला अपमानाची सवय होते म्हणतात, पण सवय व्हायला आधीचा आठवावा लागतो. कुमुदचा रोजचा अपमान पहिलाच असायचा. वनिता बरोबर जाऊ लागली, तिच्या मागून हळूच आपलं मनगट टेकवू लागली. कुमुदला ते एकदा दिसलं. "तू कोण माझं देणारी?" ती भर रस्त्यात ओरडली.

आणि मग ती वनिताच्या हातून इंजेक्शन घेईना.

आधी नुसती कुरकुर होती. नंतर वनिता सुई घेऊन आली की ती हात पदराआड लपवायची. नंतर तिच्या हातचं जेवेना. का, ते तिला सांगता येत नव्हतं.

"मेंदूत घटना एकीकडं साठतात आणि त्यांनी उठवलेली भीती दुसरीकडं," डॉक्टर इनामदारांनी समजावलं. "पहिली जागा यांची ढासळलीय. दुसरी अजून शाबूत आहे. समितीतलं त्यांना काही आठवत नाही. पण तुम्हाला बघितलं की त्या दिवशी जे वाटलं, ते वाटतं. तुमच्याकडून काहीतरी वाईट झालंय, एवढंच उरलंय."

"मी समजावून सांगितलं तर?"

"ते समजावलेलं पहिल्या जागेत जाणार, वनिताताई."

साखर आता उलट्या दिशेनं चढू लागली. दोन महिने वनितानं विनवण्या केल्या, रागावली, एकदा तर हात धरून टोचलं. त्या वेळी कुमुद जे किंचाळली, त्यानंतर तिनं पुन्हा तसं केलं नाही. शेवटी वाईच्या रस्त्यावरच्या शुश्रूषागृहात कुमुदची सोय झाली. तिथल्या अनोळखी नर्सपुढं तिनं पहिल्याच दिवशी मुकाट्यानं दंड पुढं केला.

वनिता पहिल्या रविवारी गेली तेव्हा फाटकावरच्या यंत्रानं तिचं मनगट वाचलं आणि निःशंकपणे सांगितलं, "वनिता साबळे. नातं सख्खी बहीण. सिद्ध." नर्सनं तिला आत नेलं. कुमुद खिडकीपाशी बसली होती. गालावर मांस आलं होतं, केस नीट विंचरलेले होते. बऱ्याच दिवसांत ती इतकी बरी दिसली नव्हती.

"कुमुदताई, बघा कोण आलंय. तुमच्या वनिताताई!"

कुमुदनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ती ओळखीची सावली आली, हात पदराआड गेले. ती वनिताला आपादमस्तक न्याहाळत राहिली. जणू काही तपासून बघत होती आणि कुठंतरी जुळत नव्हतं.

"ही नव्हे," ती ठामपणे म्हणाली. "ही वनी नव्हे."

"अहो, असं काय करता? यंत्रानंसुद्धा..."

"यंत्राला काय कळतंय? माझी वनी मला ठाऊक नाही का?"

आपण वनीच आहोत, हे पटवून द्यायचे दहा मार्ग वनितापाशी होते. लहानपणी फुटलेला दात होता, आईचं अंगाईगीत होतं, काकांची वळकटी होती. पण तिनं पटवून दिलं असतं, तर कुमुदला कळलं असतं की तिच्याबाबतीत जे काही वाईट झालं ते वनीनंच केलं. वनिता खाली वाकली. नर्सला तिनं डोळ्यांनीच थांबवलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मी वनीच्या लॅबमध्ये असते. तिची मैत्रीण. तिनंच पाठवलंय मला."

कुमुदचे खांदे सैल झाले. पदराआडचे हात बाहेर आले. "असं होय! बसा की मग. उभ्या का? चहा घेणार?" ती शेजारच्या खुर्चीवरची चादर लगबगीनं बाजूला करू लागली. "कशी आहे वनी? जेवते का वेळेवर? तिला आपलं काम, काम."

"बरी आहे. परगावी गेलीय."

"तरीच आली नाही. नाहीतर ती राहायची नाही आल्याशिवाय." कुमुद पुढं झुकली आणि दाराकडं एकदा बघून तिनं आवाज उतरवला. "तिला एक निरोप सांगाल?"

"सांगते ना."

"म्हणावं, घरात एक बाई शिरली होती. तिनं माझं सगळं काढून घेतलं. माझी सहीसुद्धा चालेनाशी केली बघा." तिनं वनिताचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं तो धरला नव्हता. "मी कुणाशी बोलले नाही. वनी आली की बघेल तिच्याकडं. एवढं तिच्या कानावर घाला. विसरणार नाही ना?"

"नाही विसरणार," वनिता म्हणाली. "सांगते तिला."